खालच्या दोन ओळी

नागपूरला कोणतीही नवी वस्तू शेवटी येते, हे मी कंपनीत लागले तेव्हापासून पाहत आले. पंखे आधी मुंबईला, मग पुण्याला, मग कोल्हापूरला; सगळ्यांचं खाऊनपिऊन झालं की आम्ही. म्हणून टेलेक्सचं नवं मशीन येणार असं साहेबांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "येऊ द्या बाप्पा, मी रिटायर होईपर्यंत येईलच." साहेब हसले नाहीत. ते कधीच हसत नसत.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. वाडीला, अमरावती रोडवर, आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं गोदाम होतं आणि गोदामाच्या कोपऱ्यात एक काचेची खोली. त्या खोलीत मी आणि टेलेक्स. ज्यांनी टेलेक्स पाहिलं नाही त्यांना सांगते. थोराड टाइपरायटरसारखं मशीन, टेलिफोनच्या तारेला जोडलेलं. मी इथे अक्षर दाबलं की तेच अक्षर कोल्हापूरच्या मशीनवर उमटायचं, आणि तिकडच्या बाईनं टाइप करायला घेतलं की माझं मशीन आपोआप चालू लागायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली होती. कोणीतरी कुठल्या कुठे बसून माझ्या मशीनवर हात चालवतंय म्हणजे काय!

निरोप सगळे एकाच जातीचे. ट्रक निघाला. ट्रक पोचला. टायर फुटला, माल भिजला, ड्रायव्हर जेवायला गेला तो आलाच नाही. अक्षरं इंग्रजी आणि भाषा आमची खिचडी. आम्हा ऑपरेटर लोकांत नावं नव्हती, ही तिथली रीतच. मी नागपूर आणि ती कोल्हापूर. कोणी रजेवर गेलं, दुसरं कोणी खुर्चीत बसलं, तरी हाक शहरालाच.

कोल्हापूरशी माझं कसं जमलं ते आठवत नाही. सुरुवातीला तर तो बाप्या आहे असंच मी धरून चालले होते, कारण ती "मी आलो, मी जेवलो" असं लिहायची. तिकडच्या बायका तसंच बोलतात हे मला काय माहीत! कळलं तेव्हा मी एकटीच काचेच्या खोलीत हसत सुटले, आणि बाहेरचे हमाल आत डोकावून पाहू लागले. मग धंद्याचा निरोप संपला की खाली दोन ओळी आमच्या सुरू झाल्या. "काय करून राहिली वं?" मी विचारायची. "तुझं हे वं वं म्हणजे बारकं पोर रडल्यागत वाटतंय," ती लिहायची. त्या दोन ओळी मी कात्रीनं कापून घ्यायची आणि वरचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायची.

तिचं टाइपिंग मी खोलीबाहेरूनही ओळखायची. भरधाव सुटायची, मधेच थांबायची. चुकलं की खोडायची सोय नव्हती, कारण दाबलेलं अक्षर तिकडे पोचलेलं असायचं. मग ती एक्स एक्स एक्स करून पुन्हा लिहायची. हसू आलं की मशीनची घंटी वाजवायची. बोलताना माणूस अडखळतो, हसतो, शब्द मागे घेतो, ते सगळं त्या तारेतून यायचं.

आता या दोन ओळींचं मला एवढं काय होतं? तर माझा भाऊ इतवारीत राहायचा, भांड्यांचं दुकान होतं त्याचं. आई गेल्यावर त्या घरात मी जास्तीची झाले. जा असं कोणी म्हटलं नाही, पण राहा असंही कोणी म्हटलं नाही. मी वाडीलाच एक खोली भाड्यानं घेतली. पस्तिशी उलटलेली बिनलग्नाची बाई, तिच्याशी शेजारणीही जपूनच बोलतात. रविवारी भाजी घेताना मी उगाच घासाघीस करायची. भाव पटलेला असायचा, पण तेवढंच कोणाशी तरी बोलणं व्हायचं. खरं सांगते, मला फार एकटं वाटायचं, आणि ते फक्त कोल्हापूरला माहीत होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास कोल्हापूरला नवं मशीन बसलं. आमच्याकडे पाहणी करायला आलेल्या मेकॅनिकनं मला समजावलं, "यात पडद्यावर आधी लिहायचं, चुका दुरुस्त करायच्या, मग बटन दाबायचं. सगळा मजकूर एका झटक्यात जातो." मी विचारलं, "आणि आमचं?" तो म्हणाला, "तुमचा नंबर शेवटी आहे बाई. मशीनले थंड हवा लागते, आधी या खोलीत कूलर बसंल." इतकी वर्षं मे महिन्यात मी तिथे भाजून निघत होते, तेव्हा कोणाला कूलर आठवला नव्हता. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग कोल्हापूरचे निरोप तसेच येऊ लागले. मशीन खडखड करत एका दमात चालायचं आणि गप्प व्हायचं. थांबणं नाही, एक्स नाहीत, घंटीही नाही. खालच्या दोन ओळी यायच्या, पण कशा? "बरी आहे ना? इकडे थंडी पडली. काळजी घ्या." मला कधी घ्या म्हटलं नव्हतं तिनं! मी चिडून लिहिलं, "नव्या मशीननं तुले लईच शहाणं केलं वं." उत्तर आलं, "हो ना." मी सगळा राग त्या मशीनवर काढला. माणसाला बोलायच्या आधी दुरुस्ती करायची सोय दिली की असंच व्हायचं, असं मी स्वतःला पटवलं आणि रोज लिहीत राहिले. भावाच्या घरचं, गुडघ्याचं, रविवारचं, सगळं.

संक्रांतीनंतर भाऊ खोलीवर आला. वर्ध्याचं स्थळ होतं. बिजवर मास्तर, दोन मुलं, स्वतःचं घर. भाऊ म्हणाला, "आता नाही तर मंग कधी वं? आम्ही किती दिवस पुरणार आहो तुले? रविवारी येतो, हो का नाही ते सांग." माणूस वाईट नव्हता. फोटोत नीट उभा होता. हो म्हटलं तर खोली सुटणार, नोकरी सुटणार, पण घरात बोलायला माणसं मिळणार. नाही म्हटलं तर यापुढे कोणी विचारणार नाही. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

विचारायचं कोणाला? दुसऱ्या दिवशी ट्रकचा निरोप संपवून मी खाली लिहिलं. दोन ओळींच्या दहा झाल्या. शेवटी लिहिलं, "तू म्हणशील तसं करते. तुझ्याशिवाय विचारू कोणाले?"

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, तेच एका दमात.

"ताई, याचं उत्तर मी कसं देऊ? मी त्या बाई नव्हे. त्यांनी दिवाळीत नोकरी सोडली. नवं मशीन शिकायला मुंबईला महिनाभर राहावं लागणार होतं, आणि घरी नवरा अंथरुणावर आहे. त्यांच्या जागी मी नवी पोरगी लागलो. जाताना कपाटाच्या चाव्या दिल्या, निरोप कुणाला कसे पाठवायचे ते शिकवलं आणि म्हणाल्या, नागपूरच्या निरोपाखाली दोन ओळी येतील, त्यांना उत्तर देत जा. ती एकटी आहे. मी गेलो म्हणून तिला सांगू नको. म्हणून लिहीत गेलो. रागावू नका."

मी रागावले. भयंकर रागावले. काहून सांगितलं नाही मले? सांगितलं असतं तर मी मेली असती का? चाव्या द्याव्या तशी तिनं मला कोणाच्या तरी हाती दिलं, आणि मी बसले एका परक्या पोरीला माझे गुडघे सांगत! मग त्या अंथरुणावरच्या नवऱ्याचं वाचलं पुन्हा. त्याच्याबद्दल तिनं कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. दोन ओळी माझ्याच भरलेल्या असायच्या. मी काचेकडे पाठ केली आणि पदर तोंडात धरून रडले.

मशीन पुन्हा चाललं. "ताई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. माझं मशीन जुनंच होतं. बोटं चालली ती चालली. "मले नाही करायचं." वाचेपर्यंत ते कोल्हापूरला पोचलं होतं. पुढे एक्स मारावेत असं काही मला वाटलं नाही.

रविवारी मी भावाला नाही म्हटलं. तो म्हणाला, "पस्तावशील." मी म्हटलं, "पस्तावीन. पण आपल्या मनानं पस्तावीन." तो चहा न घेता उठला. नंतर बरेच महिने तो खोलीवर फिरकला नाही. वर्ध्याच्या मास्तरांचं पुढे कुठेतरी जमलं असं ऐकलं.

सोमवारी मी निरोपाखाली लिहिलं, "नाही म्हणून सांगितलं." पोरगी चांगली होती. तिनं लिहिलं, "बरं केलंत. त्या बाई मला मंडईत भेटतात अधूनमधून. दरवेळी विचारतात, नागपूर बोलते का? मी सांगतो, हो, बोलते म्हणून. तुमचं हे लग्नाचं सांगू का त्यांना?"

केवढं वाटलं, सांग म्हणावं! ते सांगायला जगात मला ती एकच होती. नाही म्हटलं मी, स्वतः म्हटलं, हे ऐकून तिनं नक्की घंटी वाजवली असती. पण लग्नाचं निघालं की बाकीचंही निघणार, आणि नागपूरला सगळं कळलं हे तिला कळणार. आजारी नवऱ्याचं करता करता तिच्या मागची एक काळजी तरी मिटलेली होती. ती पुन्हा कशाला तिच्या गळ्यात घालू?

मी लिहिलं, "नको सांगू. नागपूर रोज बोलते, एवढंच सांग. आणि अजून तिलेच कोल्हापूर समजते म्हणावं."

मग कागद फाडला, खालचा तुकडा कापून घेतला आणि वरचा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.