आक्काच्या नावावरचं ट्रेझरी बिल

सरकारनं आमचे पैसे बुडवले नाहीत. हे आधीच लिहून टाकते, कारण मी ज्या ठेवीदार समितीची पत्रकं लिहिते, त्यातल्या प्रत्येक पत्रकात कुणीतरी पैसे बुडवलेले असतातच. चेअरमन पळालेला असतो, शटरला कुलूप असतं आणि पायरीवर बायका बसलेल्या असतात. या वेळी कुणी पळालं नाही. पैसे ठरल्या दिवशी ठरल्याप्रमाणे पूर्ण आले. फक्त ते आमच्याकडे आले नाहीत.

आम्ही अंबडच्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला राहतो. वडील नाहीत. आई कामगारांचे डबे करते. दोन खोल्यांपैकी एक खोली म्हणजे भट्टी. फोडणी पडली की वरचा घरमालक खिडकीतून खोकतो, आणि तो खोकला भाडं वाढवण्याची सूचना असते. आईला एक गाळा हवा होता. पाथर्डी फाट्याकडे, कामगार उतरतात त्या रस्त्यावर. पुढे चार टेबलं, मागे ओटा, वर एक्झॉस्ट फॅन. एवढंच. गाळेवाल्यानं पुढच्या पाडव्यापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. "काकू, तोवर डिपॉझिट आणा, नाहीतर मी मोकळा," असं तो स्पष्ट बोलला होता.

डिपॉझिट जमत होतं भिशीतून. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आक्का चालवायची. आक्का आमच्या शेजारची. एका कंपनीत पॅकिंगला आयुष्य घालवून घरी बसलेली, विधवा, एकुलता एक मुलगा मनमाडला रेल्वेत. मूळची निफाडकडची, त्यामुळे तोंडात 'लय' आणि 'नाय'. तिच्या भिशीत कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. पतसंस्था बुडाली तेव्हा बायकांचे तिथले पैसे गेले, आक्काकडचे राहिले. त्यानंतर बायका म्हणू लागल्या की नंबर लागला तरी पैसे घरी नको. घरी आले की नवरा, दीर, पोराची मोटरसायकल, काहीतरी तोंड वासून उभंच असतं. कुठेतरी ठेवा. पण कुठे?

मी म्हटलं, ट्रेझरी बिल.

हे मी समितीत शिकले होते. सरकारला वर्षभरासाठी, सहा महिन्यांसाठी, तीन महिन्यांसाठी पैसे लागतात. ते सरकार उचलतं, शंभराला शंभरापेक्षा थोडे कमी घेतं आणि मुदत भरली की पूर्ण शंभर देतं. मधला फरक आपला. पूर्वी हे फक्त मोठ्या बँकांचं कुरण होतं. आता दहा हजारांपासून कुणीही सरकारी संकेतस्थळावर जाऊन घेऊ शकतं. एजंट नाही, चेअरमन नाही, दिवाळीला भेट देणारा हसरा संचालक नाही. मला ते फार आवडलं होतं.

आमच्या खोलीत, पोळ्यांच्या पिठात हात असलेल्या बायकांसमोर मी हे सांगितलं.

"म्हंजी आपण सरकारला उसने द्यायचे?" आक्का म्हणाली.

"हो."

"सरकारकडं नाय?"

सगळ्या हसल्या.

"आन् नाय दिले परत, तर?"

"सरकारनंच दिले नाहीत, तर मग देशात काही उरलेलं नसेल, आक्का."

"मंग त्या टायमाला पैसे घिऊन तरी काय करायचं," आक्का म्हणाली. हा मुद्दा तिच्यापुरता निकालात निघाला.

दर बुधवारी लिलाव असतो, हे सांगितल्यावर लासलगावकडच्या एकीनं मान वर केली. "कांद्यासारखा?"

"तसाच. पण भाव आपण बोलायचा नाही. मोठे बोलतात, त्याची सरासरी निघते, ती आपल्याला मिळते."

"भाव न बोलता? आमच्या ह्यांनी असा कांदा दिला असता तर मी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं त्यांना."

पण तयार झाल्या. पतसंस्थेच्या पायरीवर त्या बसून आल्या होत्या. जिथे पायरीच नाही, अशी जागा त्यांना पटली.

मग मी एकेकीचं खातं उघडायला बसले आणि तिथे पहिली आपटी खाल्ली. माझ्या आईला दोन नावं आहेत. आपल्याकडे लग्नात नवरीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, बायका टाळ्या वाजवतात, फोटो निघतो. आईच्या शाळेच्या दाखल्यावर एक बाई आहे आणि आधारवर दुसरी. पॅनकार्ड काढणाऱ्यानं दाखल्यावरून काढलं, बँकेनं आधारवरून. संकेतस्थळ तीन ठिकाणची नावं ताडून बघतं आणि लाल अक्षरात सांगतं की या व्यक्तीची ओळख पटत नाही. ओळख पटत नाही! पहाटेपासून ओट्याशी उभ्या असणाऱ्या बाईची.

गल्लीत जवळजवळ सगळ्यांचं हेच. कुणाचं आडनाव माहेरचं, कुणाच्या नवऱ्याचं नाव एकीकडे 'राव' लावून आणि दुसरीकडे न लावता. दुरुस्तीला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आईचं लग्न पेठच्या बाजूला एका शाळेच्या पटांगणात झालं, त्याची नोंद कोण करणार होतं? मी तिला सेतू केंद्रात नेलं. खिडकीतला माणूस म्हणाला, गॅझेट करा. गॅझेटवाला म्हणाला, आधी प्रतिज्ञापत्र. प्रत्येक खेपेला आईचे डबे बुडत होते. चौथ्या की पाचव्या खेपेला ती रिक्षात बसता बसता म्हणाली, "मी कोण ते ठरलं की सांग मला. तोवर मी वरणाला फोडणी देते."

माझ्या नावावर घेऊ या, असं मी सुचवलं. माझी कागदपत्रं जुळत होती. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी माझ्या आईनंच तोंड उघडलं. "तू उद्या लग्न करून जाशील. तुझंही नाव बदलेल."

"मी नाही बदलणार."

"सगळ्या असंच म्हणतात," लासलगावची म्हणाली.

गल्लीत एकाच बाईचं नाव सगळीकडे सारखं होतं. आक्काचं. तिचं लग्न आत्याच्याच घरी झालेलं, आडनावही योगायोगानं तेच. आणि पहिलं नाव बदलायला तिच्या सासूनं नकार दिला होता, कारण ते सासूनंच तिच्या बारशाला ठेवलेलं. शिवाय कंपनीच्या पगारामुळे पॅन, बँक, सगळं लग्नानंतरच्या नावानं चोख. मग काय, भिशी आक्काचीच होती. बिलही आक्काच्या नावानं. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. भिशीत हेच होतं ना? ज्या बाईवर विश्वास, तिच्या हातात पैसे. आम्ही फक्त हाताऐवजी खातं धरलं.

फॉर्म मी भरला. तो बिनचूक होता. नॉमिनीचा रकाना आला तेव्हा मी विचारलं, "इथे कुणाचं?"

"पोराचं टाक. दुसरं हाय कोण मला?" आक्का म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

नॉमिनी एका माणसाला करता येतो. दोघांना करता येतो. 'आमच्या गल्लीतल्या बायका' असा रकाना सरकारच्या कुठल्याही फॉर्मवर नाही. सोसायटी काढा, ट्रस्ट काढा, कंपनी काढा, मग सरकार तुम्हाला एकत्र ओळखेल. नुसता एकमेकींवरचा विश्वास असेल तर सरकार तुम्हाला ओळखत नाही. आणि कोर्टाला तुम्ही दिसल्याच, तर आरोपी म्हणून दिसता. हे मला पुढे कळलं.

वर्षाचं बिल घेतलं. तीनशे चौसष्ट दिवसांचं, पाडव्याच्या अलीकडे भरणारं. त्यात आईचा वाटा सगळ्यात मोठा होता. गुरुवारी संदेश आला की बिल मिळालं. आक्कानं मोबाइल सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाली, "मी सरकारची सावकार हाय. जरा मान देऊन बोलायचं."

पावसाळा सरला आणि आक्काला ताप आला. डेंग्यू. गल्लीच्या कडेला रस्ता खणून ठेवलेला होता, महिनोन्महिने त्यात पाणी. त्यावरही मी पत्रक काढलं होतं. पेशी उतरत गेल्या. सरकारी दवाखान्यात खाट मिळेपर्यंत एक दिवस गेला, आणि खाट मिळाल्यावर आक्का फार राहिली नाही. शुद्धीत असताना ती पाणी मागत होती आणि मुलगा निघाला का, विचारत होती. बिलाचं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

तेरावा झाल्यावर आई आणि मी आक्काच्या मुलाशी बोलायला गेलो. तो भांडी पोत्यात भरत होता. पस्तिशीचा, सावळा, आक्कासारखंच रुंद कपाळ. आईनं सरळ सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"काकू, मला आई काही बोलली नव्हती."

"भिशी माहीत होती ना तुला?"

"भिशी माहिती होती. हे सरकारी बिल तिच्या नावावर हाय, तिच्या पॅनवर, तिच्या बँकेतून गेलंय. कागद हाय का तुमच्याकडं एखादा?"

कागद? आक्काकडून कागद घ्यायचा? कोणती बाई तिच्या तोंडावर म्हणाली असती, आक्का, सही दे? ज्या दिवशी सही मागितली असती, त्या दिवशी भिशी मोडली असती.

"बँकेचं स्टेटमेंट बघ," मी म्हणाले. "आम्ही दिलेली रोकड भरल्याची तारीख बघ. तुझ्या आईला पेन्शन किती होती? तिच्याकडे एवढे आले कुठून?"

"ताई, तुम्ही माझ्या आईला चोर म्हणताय का?" तो म्हणाला. माझ्या तोंडचे शब्द त्यानं उचलून आक्काच्या फोटोसमोर ठेवले.

मी वकिलाकडे गेले. नॉमिनी मुलगा, वारसही तोच, वकील म्हणाला. दावा लावा, वर्षं मोजा. चौकीत गेले. तिथला साहेब माझी पत्रकं वाचणारा होता, म्हणून चहा दिला आणि समजुतीनं म्हणाला, "मॅडम, विनापरवाना भिशी चालवली म्हणून गुन्हा दाखल करायचा झाला तर तो मयत बाईवर आणि तुमच्या आईवर होईल. बघा, लिहू का?"

मी लिहा म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. शहरभरच्या ठेवीदारांना मी चौकीपर्यंत नेलं आहे, आईला का नाही? घरी येऊन मी तसं बोलले. भिशीतल्या बायका जमल्या होत्या.

"आक्काचं नाव पोलिसात जायचं नाही," एक म्हणाली.

"आक्का मेली. तुम्ही जिवंत आहात!"

"म्हणून तर," आई म्हणाली. "आम्हाला राहायचंय इथे."

मी ओरडले, बरंच. तुमच्या या भिडेवरच चेअरमन लोक पोसले जातात, असं म्हणाले. लासलगावची उठली, पदर खोचला आणि जाता जाता म्हणाली, "तुझं बरोबर हाय गं. पण तू लय मोठ्यानं बरोबर बोलती."

बिलाची मुदत भरली त्या गुरुवारी मी संकेतस्थळावर परतफेडीच्या तारखा बघितल्या. आमची मुदत त्यात होती. सरकार एक दिवसही मागेपुढे झालं नाही. आईनं त्याच दिवशी गाळेवाल्याला नाही म्हणून कळवलं. पाडव्याला तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान निघालं.

त्यानंतर एका रविवारी आक्काचा मुलगा आला. दारुडा नाही तो, जुगारी नाही. मनमाडला त्यानं घराचं काम काढलं होतं, असं कळलं. हातात मोठी पिशवी. भिशीतल्या प्रत्येक बाईला आक्काच्या नावानं साडी. बऱ्यापैकी साड्या होत्या. तो प्रत्येकीच्या दारात जाऊन, वाकून नमस्कार करून देत होता, आणि बायका घेत होत्या. मला हे डोळ्यांनी बघवत नव्हतं.

तो आमच्या दारात आला. आईनं हात पुसले. साडी घेतली नाही, नाकारलीही नाही. तिनं विचारलं, "आक्कानं तुला सांगितलं होतं ना रे? बिलाचं?"

वर घरमालक खोकला.

"सांगितलं होतं, काकू," तो म्हणाला. "फोनवर. लय खुशीत होती."

"गाळ्याचंही?"

त्यानं मान डोलावली. मला वाटलं, आता आई बोलेल. आता तरी बोलेल. आई म्हणाली, "जेवून जा म्हणाले असते. पण आज नाही म्हणत." आणि दार लावून घेतलं. तिनं कुणाच्या तोंडावर दार लावलेलं मी पहिल्यांदा बघितलं. साडी बाहेर पायरीवर राहिली. संध्याकाळी कुणीतरी नेली.

आता आई एका कंत्राटदाराच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. स्वतःचे डबे बंद केले, कारण घरमालकानं भाडं वाढवलंच. गेटवर तिच्या नावाचा पास लागतो. पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. सुपरवायझरनं आधारकार्ड बघितलं, पॅनकार्ड बघितलं, आणि विचारलं, "मावशी, यातलं खरं नाव कुठलं?"

मी तोंड उघडलं होतं. आई माझ्या आधी बोलली.

"तुम्हाला पगार द्यायला सोपं पडेल ते लिहा."