कडू घास

"दाखू, कडू घास मन्हापुढे मांडू नको. हिलाल आत्तेच खोकलना. भाकरना रांगमा उभा शे तो."

"येडी व्हयनी का माय? त्यान्हं सरण तिकडेच जळनं ना!"

लॉकडाऊनमध्ये गुजरातेतून ऊस तोडून परतणाऱ्या मजुरांना सरकारने खांडबाऱ्याकडच्या एका शाळेत ठेवलं होतं. गजराबाई तिथे सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची. नवरा हिलाल हद्दीपलीकडच्या छावणीत अडकला, तापाने गेला, परक्यांनीच जाळला. हिला नुसता फोन आला.

मयताच्या घरची चूल विझवतात आणि शेजारीण आपल्या चुलीवरचा घास भरवते. तो कडू घास गिळला, की माणूस गेला हे कबूल. इथे चूल एकच, ती विझवली तर पोरंसोरं उपाशी. म्हणून शेजारच्या दाखूबाईने शाळेमागे तीन दगड मांडून वेगळी भाकर भाजली होती.

गजराबाईने रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडाला फडकी, नुसते डोळे उघडे. त्यांत हिलालचे नव्हते.

तिने घास गिळला.

तोच रांगेतून पुन्हा खोकला ऐकू आला, अगदी त्याचाच. तिने मान वर केली नाही.

"सरक दाखू, तवा तपना," म्हणत तिने परात ओढली.