यल्लम्माचं तीर्थ आणि साहेबांचं स्पिरिट

बसवंत ड्रायव्हर रोज संध्याकाळी स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा. त्याची बायको गंगव्वा आधी हात हुंगायची, मग तोंड, आणि मगच त्याला आत घ्यायची. शेजारी आधी हसले, पुढे त्यांना सवय झाली.

चिकोडीकडे असताना या बाबानं पिऊन ट्रक ओढ्यात घातला होता. शेजारी गंगव्वा बसली होती. तिचा डावा हात तेव्हापासून सरळ होत नाही. बरी झाल्यावर तिनं त्याला सौंदत्तीला नेऊन यल्लम्माचा भंडारा उचलायला लावला: दारूला शिवणार नाही, कुणाला ओतूनही देणार नाही. शपथ मोडली तर मी माहेरी, हे तिनं आपल्या पदरचं जोडलं.

१९५७ साली बंगळुरातल्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत तो गाडी चालवायचा. तिथं साहेब सोडले तर मराठी समजणारा मीच, म्हणून हे सगळं माझ्याच कानी पडायचं.

आमचे साहेब रत्नाकरराव पुण्याचे. पेट्रोल परदेशातून येतं आणि इथं उसाची मळी वाया जाते, याचा त्यांना मनापासून संताप. मळीपासून काढलेलं स्पिरिट पेट्रोलमध्ये चौथा हिस्सा मिसळून गाडी नीट पळते, हे त्यांना परदेशी पाहुण्यांना दाखवायचं होतं. स्पिरिटचा डबा उघडताच बसवंत मागं सरला.

"साहेब, ही दारू हाय."

"दारू नव्हे, स्पिरिट. इंजिनासाठी."

"मळीचंच न्हवं?"

"हो."

"मग आमच्याकडं त्यालाच दारू म्हणत्यात."

दोन पदव्यांच्या साहेबांनी डबा त्याच्यापुढे सरकवला. "भरायचं नसेल तर दुसरा ड्रायव्हर बघतो," ते म्हणाले. बसवंतनं टाकी भरली.

त्या संध्याकाळी गंगव्वानं हात हुंगले आणि आतून आपली ट्रंक आणून दारात ठेवली. बसवंतनं सगळं शपथेवर सांगितलं. त्याच्या शपथेची किंमत तिला ठाऊक होती. सकाळी मात्र तिनंच तोडगा काढला. देव्हाऱ्यातला सौंदत्तीच्या तीर्थाचा तांब्या त्याच्या हाती दिला.

"टाकीत घाला. आईचं झालं की मग ती दारू न्हाई."

ट्रंक दारातच राहिली.

तीन पाहुण्यांना घेऊन आम्ही निघालो. के. आर. पुरम ओलांडलं, गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. साहेबांच्या हुकुमावरून मी टाकीत नळी घातली, तोंडानं ओढलं, एक घोट चुकून गिळला आणि उरलेलं काचेच्या बरणीत सोडलं. बरणीत दोन थर दिसले.

"पाणी!" साहेब ओरडले. "पाणी शिरलं की स्पिरिट पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. हे त्या स्टोअरमधल्या हयवदनाचं काम. आजच घरी बसवतो त्याला."

बसवंत गप्प राहिला असता तर सुटला असता.

"हयवदन अण्णांनी न्हाई, साहेब. म्याच घातलं. पाणी न्हवं, तीर्थ."

पाहुण्यांनी काय झालं म्हणून विचारलं. इंग्रजीत सांगायचं काम माझ्यावर आलं. इतकं अवघड भाषांतर मी पुन्हा केलेलं नाही.

बसवंत बरणीकडे बघत होता. "खाली हाय ते काय?"

"तुझं तीर्थ आणि माझं स्पिरिट," साहेब दात खाऊन म्हणाले.

"आन् वर?"

"पेट्रोल."

"निस्तं?"

"जवळजवळ."

बसवंतनं बरणीला हात जोडले. "आईनं दारू येगळी काढली."

साहेबांनी त्याला स्पिरिट न लागणाऱ्या डिझेलच्या ट्रकवर घातलं. त्यांच्या अहवालात टाकी कोरडी ठेवण्याची सूचना आली, तीर्थाचा उल्लेख आला नाही.

गाडी बंद पडली त्याच संध्याकाळी बरणी घेऊन, साक्षीदार म्हणून, मी बसवंतबरोबर गेलो. सगळी टाकी त्यानंच उपसली होती. हातांना भपकारा येत होता. तरी तो उंबऱ्यापाशी हात पुढे करून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. मी बरणी दाखवली, घडलं ते सांगितलं. गंगव्वानं दोन्ही थर निरखून पाहिले. मग आपल्या वाकड्या हातानं त्याचे दोन्ही हात खाली केले. हुंगले नाहीत.

"आत या," ती म्हणाली. त्यानं जाताना ट्रंक उचलून आत नेली. माझे डोळे भरून आले, आणि मीही मागोमाग पाय उचलला.

गंगव्वा दारात आडवी आली. तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला.

"तुमी स्वल्प भाईरच बसा, अण्णा."

चहा मला पायरीवर मिळाला.