तिसऱ्यांचं आरमार

आमच्या बिल्डिंगमधल्या रशीद मुकादमांनी घरात बाई ठेवली आहे, ही बातमी शेजारच्या मालतीबाईंनी फोडली आणि तिला तिखटमीठ मी लावलं. पुरावा भक्कम होता. दिवाळे गावची मासेवाली गिरजाबाई म्हणाली होती, "येकटा मानूस हाय, नं तिसऱ्यांचे तीन वाटे नेतो. खातो कोन?" त्यांच्या पत्नी हलिमाभाभी केव्हाच वारल्या, मुलगा रायान मस्कतला. मग एवढं शिंपल्यांचं कालवण खातं कोण?

बाई नव्हती. त्या काळी मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे. रायानचा फोन आला, तेव्हा निरोप सांगायच्या निमित्ताने मी आत घुसलो आणि बघतच राहिलो. हॉलच्या फरशीवर निळी चादर. दोन्हीकडे गाद्यांच्या वळकट्या, ते किनारे. मधल्या चिंचोळ्या खाडीत तिसऱ्यांच्या धुतलेल्या शिंपल्या दाटीवाटीनं उभ्या. त्यांच्यासमोर थोडीशी शर्टाची बटणं, भाभींच्या शिवणाच्या डब्यातली.

"सलामिसची लढाई," रशीदभाई म्हणाले. "अडीच हजार वर्षं झाली. शिंपल्या इराणी, बटणं ग्रीक. इराण्यांची जहाजं जास्त, पण खाडी अरुंद. एका ओळीत चारच मावतात. मागचं पुढच्यावर आदळलं की दोन्ही बाद."

"म्हणजे आपल्या सोसायटीचं पार्किंग."

"तसंच समजा." आज पहिल्यांदाच इतकं बोलत होते. "रायान शाळेत होता तेव्हापासून खेळतो आम्ही. इराण नेहमी त्याचं. त्याच्या या सुट्टीसाठी नवे नियम केलेत, त्यालाही जिंकता येईल असे. फक्त शिंपल्या कमी पडत होत्या."

म्हणजे आठवडाभर तिसऱ्यांचं कालवण एकटेच खात होते.

आणि माझ्या तोंडात निरोप होता, की रायानला या खेपेला सुट्टी नाही. सांगितला. "बरं," म्हणाले, आणि तिरकं झालेलं एक बटण सरळ केलं.

मला वाटलं, आवरतील. पंधरवड्यानं डोकावलो तर चादर तिथेच. झाडूसुद्धा किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरलेला. रशीदभाई इराणच्या बाजूला बसून चिठ्ठी लिहीत होते. या खेळात दोघांनी आपापले हुकूम लिहून पालथे ठेवायचे आणि एकदम उघडायचे. त्यांनी चिठ्ठी पालथी घातली, पेन खिशाला लावलं.

"आणि ग्रीकांची?" मी विचारलं.

"ती उद्या. तोवर ही विसरायला होते का बघतो."

माझी जीभ काय गप्प बसते! दिवाणावर फतकल मारली आणि म्हणालो, "रशीदभाई, एवढं आरमार पाळलंत आणि भांडायला माणूस नाही? त्यापेक्षा बाई ठेवली असतीत, तर आमची इज्जत तरी राहिली असती!"

ते हसले नाहीत. उठले, चादरीला वळसा घालून ग्रीसमध्ये जाऊन बसले आणि इराणच्या रिकाम्या उशीकडे बोट केलं.

"मग या खाली. पण हरलात तरी चहा होईपर्यंत उठायचं नाही."