सुईआधीची फुंकर

"तुमचा न्यूमोनिया आटोक्यात आलाय," नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी हात जोडायला गेलो, तर उजवा हात उचलेना. "आता आजारी आहे तो हा हात. थ्रोम्बोफ्लेबायटिस." म्हणजे शिरेला सूज आणि आत रक्ताची गुठळी. माझ्या वाट्याला वर पूसुद्धा आला होता.

मी देवळाली प्रवऱ्यात टेलरिंग करतो. कात्री उजव्या हातात. तो हात गेला तर माझ्याकडे नुसती बडबड उरते, आणि बडबडीवर कोणी ब्लाऊज शिवायला टाकत नाही.

त्याच्या पाच दिवस आधी तापाने फणफणत गावाजवळच्या एका दवाखान्यात दाखल झालो होतो. सलाईनसाठी कॅन्युला लावायचा होता. कॅन्युला म्हणजे शिरेत ठेवायची प्लास्टिकची बारीक नळी. सुई तिला आत पोचवते आणि बाहेर येते. सिस्टर आल्या, मी उजवा हात पुढे केला. तीर्थ असो, प्रसाद असो, डावा हात पुढे करायचा नाही, हे आईने चापट्या मारून शिकवलेलं. सिस्टरनीही काही विचारलं नाही.

त्यांनी कोपराच्या खळगीत स्पिरिटचा बोळा फिरवला. शीर सापडेना, म्हणून पुसलेल्या जागीच बोट दाबून पाहिलं. मग स्पिरिट लवकर वाळावं म्हणून वाकून फुंकर घातली.

"बघा, कशी फुंकर घातली," माझी बायको कौतुकाने म्हणाली. "मायाळू हाय पोरगी."

मीही विरघळलो. "सिस्टर, फुंकर मिळणार असेल तर दुसऱ्या हातालाही टोचा," म्हणून सगळा वॉर्ड हसवला.

तिसऱ्या दिवशी कोपर ठणकू लागला. पुन्हा टोचतील या भीतीने मी गप्प राहिलो. चौथ्या दिवशी लाल रेघ दंडाकडे चढली. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमची शीरच नाजूक आहे." तीस वर्षं कापड कापणारा हात एका वाक्यात नाजूक झाला.

नगरला पू काढला. औषधांसाठी पुन्हा कॅन्युला आला. तिथल्या वयस्कर सिस्टरनी हात धुतले आणि आधी विचारलं, "काम कोणत्या हाताने करता?" मग डाव्या हाताची, कोपराच्या बरीच खालची सरळ शीर निवडली. पट्टा बांधला, हातमोजे घातले, जागा पुसली आणि नुसत्या थांबल्या.

मला राहवेना. "फुंकर नाही घालत?"

"तोंडातले जंतू सुईबरोबर आत घालू का, काका? पुसल्यावर फुंकर नाही, बोट नाही. आपोआप वाळू द्यायचं."

रक्त दिसताच त्यांनी सुई थांबवून नुसती नळी पुढे सरकवली. पट्टा सोडला, सुई काढून थेट डब्यात टाकली. वर पारदर्शक पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख लिहिली. "दुखलं की लगेच सांगा. गप्प बसणारा पेशंट मला नको."

जन्मात पहिल्यांदा मला कोणी बोलायला सांगितलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्या थांबल्या तेवढं अर्धं मिनिट पहिल्या दवाखान्यात कोणाकडे नव्हतं. हात बोटाने बिघडला की फुंकरीने, ते मला कोणी सांगितलं नाही. कोपर अजून सरळ होत नाही. कापड आता बायको कापते, मी खडूने रेघा मारतो. तुमच्यावर वेळ आली तर कामाचा हात कोणता ते आधीच सांगा, आणि दुखलं की शहाण्यासारखे गप्प बसू नका.

परवा नात गुडघा फोडून आली. "आजोबा, फू करा." मी तिला नळाखाली नेऊन जखम साबणाने धुतली. ती वाट बघत राहिली, मग आजीकडे गेली. "आजोबांना माया न्हाई. तू कर."

आजीने माझ्या वाकड्या कोपराकडे पाहिलं. तिनेही फुंकर घातली नाही.