भुंग्याची आत्या

शेजारचे सर बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. खिशात कायम भिंग, आणि काहीही सांगा, यांचा एकच प्रश्न: "हे आधी कोण बोललं?"

शेणातल्या भुंग्यांच्या एका नव्या गटाला त्यांनी नाव दिलं, तेव्हा लिंबागणेशच्या वेशीवर आम्ही त्यांचा बॅनर लावला. महिन्याभरात सर शिडी घेऊन हजर. त्या गटाला कुणा परदेशी माणसानं फार पूर्वीच नाव दिल्याचं त्यांनाच एका जुन्या पुस्तकात सापडलं होतं. गप्प बसले असते तर इथं कुणाला कळणार होतं!

"सर, कावून काढता? फोटो लई झकास हाय," मी म्हणालो.

"बारसं आधीच झालंय. नाव ठेवणारी आत्या दुसरीच हाय," म्हणत त्यांनी स्वतःचा फोटो उतरवला.

बॅनरची रिकामी चौकट अजून उभी आहे. पाहुणा आला की मी तीच दाखवतो, "हे आमचे सर."