हातचा विसरलेला मीटर

आमची विहीर माझ्या दोन मुलांत सामाईक आहे. मोसंबीच्या बागा मात्र वेगळ्या. ज्याने पाणी कमी घेतलं त्याची पाळी आधी, असं घरात ठरलेलं. कोणी किती लिटर घेतलं ते कळावं म्हणून थोरल्याच्या मुलीने दोघांच्या पाइपांवर मीटर बसवले. ती इंजिनिअर आहे. मीटरातली नखाएवढी चिपही तिनेच लावली.

एका सकाळी थोरल्याचा मीटर शून्यावर आला. म्हणजे पाळी परत त्याचीच. धाकटा म्हणाला, "पोरगी बापाचं पाणी लपवून राह्यली."

"तोंड सांभाळ," थोरला म्हणाला.

मी नातीला सरळ विचारलं, "लबाडी केली का?"

"न्हाई आज्जी. चिपमधलं आकड्याचं घर लहान आहे. पासष्ट हजार पाचशे पस्तीसला ते भरतं, अन् पुढच्या लिटरला शून्य होतं. शेजारी दुसरं घर जोडून तिकडं हातचा द्यायचा असतो. तो मी दिलाच न्हाई."

मी चौथीपर्यंतच शिकले, पण हातचा मला कळतो. "मंग दे. चुलत्यासमोर."

तिने दुसरं घर जोडलं, मीटर मुद्दाम त्या आकड्याजवळ आणून ठेवला आणि मोटार चालू केली. धाकटा वाकून बघत बसला. पस्तीस झालं, मग छत्तीस, मग सदतीस. शून्य आलं नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला. "पण पाळी माझी."

"तुझीच," म्हणत थोरल्याने स्वतःच त्याच्या बागेचा कॉक उघडला. माफी कोणी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही.